भाकरी कशी हाती येते
(महिनाभरात वाचलेल्या पाच कादंबऱ्यांविषयी)

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावी राहिलो. उत्तरपत्रिका तपासून झाल्या होत्या. बरोबर पाच कादंबऱ्या नेल्या होत्या : शिवराम कारंत यांची ‘चोमन दुडी’ (१९३३), मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ (१९३५), अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९), उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३). पहिली मूळची कन्नड, दुसरी मूळची इंग्रजी. दोन्ही इंग्रजीतून वाचल्या. उरलेल्या तीन पूर्वी वाचलेल्या होत्या. पण परीक्षेसाठी वाचणे वेगळे आणि आपल्याच घराच्या ओट्यावर बसून वाचणे वेगळे, हे या महिन्यात नव्याने कळले.

या वाचनाला एक निमित्त होते. मार्चमध्ये, अभ्यासक्रम संपत आला असताना, बी. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, दलित लेखकांनी आत्मकथनंच का लिहिली? त्यांना कादंबरी जमत नाही का?” प्रश्न तिचा नव्हता. मार्गदर्शक पुस्तकात तो जसाच्या तसा छापलेला असतो आणि त्याखाली पाच मुद्द्यांचे उत्तरही असते. मीही तेच उत्तर दिले : अनुभवाची निकड, दाहकता, कलात्मक अंतराचा अभाव वगैरे. मुलींनी ते उतरून घेतले. मला मात्र आपण खोटे बोललो असे वाटत राहिले. ‘कलात्मक अंतर’ हा शब्द मी कोणाकडून उसना घेतला होता? ज्यांच्या घरात कधी भाकरीची चिंता पडली नाही, त्यांना भाकरीपासून अंतर राखणे सोपे असते. आमच्यासारख्यांनी ते अंतर कुठून आणायचे, आणि का आणायचे?

म्हणून या पाच कादंबऱ्या वाचताना मी एकच साधा प्रश्न हाती धरला : या कादंबरीतल्या माणसाच्या हाती भाकरी कशी येते? शैली, रचना, प्रतिमा यांचा विचार नंतर. आधी भाकरी. जो लेखक आपल्या माणसाला भाकरी कशी मिळवू देतो, तो त्या माणसाला किती माणूस समजतो, हे त्यावरून ओळखता येते असा माझा तर्क होता. तो कितपत खरा ठरला ते पुढे सांगतो.

‘अनटचेबल’पासून सुरुवात करतो. बखा हा अठरा वर्षांचा भंगी पोरगा. त्याच्या आयुष्यातला एकच दिवस कादंबरीत आहे. सकाळी संडास साफ करण्यापासून संध्याकाळी गांधीजींच्या सभेपर्यंत. बाजारात तो जिलेबी घेतो, चालता चालता एका सवर्णाला त्याचा धक्का लागतो, गर्दी जमते, शिव्या पडतात, थप्पड बसते आणि जिलेबी धुळीत सांडते. देवळात त्याच्या बहिणीवर, सोहिनीवर, पुजारी हात टाकतो आणि उलट स्वतःच बाटलो बाटलो म्हणून ओरडतो. मग बखा तिला घरी पाठवतो आणि गल्लीत भाकरी मागायला स्वतः जातो. थकून एका घराच्या ओट्यावर त्याचा डोळा लागतो. घरची बाई त्याला फैलावर घेते. त्याच वेळी दाराशी आलेल्या साधूला मात्र आदराने वाढले जाते. बखाला वरच्या मजल्यावरून पोळी फेकली जाते. ती खाली फरशीवर पडते. तो ती उचलतो.

हा प्रसंग आनंदांनी फार ताकदीने लिहिला आहे. १९३५ साली भारतीय इंग्रजी कादंबरीच्या मध्यभागी एक भंगी पोरगा आणून उभा करणे ही सोपी गोष्ट नव्हती. एकोणीस प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत केले होते आणि शेवटी ते ई. एम. फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेसह निघाले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण त्या दुपारी मी हा प्रसंग आजीला सांगितला, आणि तिथून माझे वाचन बदलले.

माझी आजी ऐंशीच्या घरात आहे. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातले. आजोबांच्या घराकडे येसकरकीची पाळी असायची. गावचा सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, मयताची लाकडे वाहणे, आणि त्याच्या बदल्यात घरोघरची भाकरी. महार वतनाचे हे जोखड मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते. त्याआधी, १९२७ च्या महाडच्या परिषदेत, मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्या तुकड्यांवरचे जगणे सोडा असे त्यांनी आपल्या माणसांना निक्षून सांगितले होते. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. आजीचे लग्न झाले ते त्यानंतर. कायदा झाला होता, पण गावाने तो वाचला नव्हता. नव्या नवरीच्या डोक्यावर सासूने भाकरीची पाटी दिली.

हे मला या उन्हाळ्यापर्यंत नीट माहीत नव्हते. म्हणजे माहीत होते, पण मी ते कधी विचारले नव्हते.

आजीने बखाची गोष्ट ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : “त्यानं फडकं आधीच का न्हाई पसरलं?”

मी म्हणालो, त्याला काय माहीत बाई वरून फेकणार आहे.

“मागाया गेलेल्याला माहीत असतंय. वरनं टाकत्यात, लांबनं टाकत्यात. आपन पाटी नायतर पदर फुडं करायचा. भुईवर पडली तर धूळ लागती, आन् उचलाया वाकलं की वाडा हसतो.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “त्यो पोरगा नवा असंल. घरातलं दुसरं कोन जात आसंल रोज.”

मी पुस्तक पुन्हा उघडले. खरेच आहे. एरवी हे काम सोहिनीचे. त्या दिवशी देवळात जे घडले त्यामुळे ती घरी गेली म्हणून बखा आला आहे. लेखकाने हे लिहिलेले आहे, पण त्याचा अर्थ त्याने पुढे नेलेला नाही. बखाच्या वाट्याला एका दिवशी जो अपमान आला, तो सोहिनीच्या वाट्याला रोज येत होता. पण कादंबरी बखाची आहे. सोहिनी घरी गेली की कादंबरीतूनच जाते. तिला रोज कोणत्या दारात काय ऐकावे लागते, कोणती बाई बरी, कोणाच्या घरी कुत्रा सोडतात, हे ज्ञान तिच्यापाशी आहे. कादंबरीत त्याचे एक पानही नाही.

शेवटी बखापुढे तीन वाटा येतात : पाद्र्याचा येशू, गांधीजींचे भाषण आणि एका कवीने सांगितलेले पाण्याने आपोआप साफ होणारे संडास. तिन्ही वाटा दुसऱ्यांनी सांगितलेल्या. तो ऐकतो आणि घराकडे वळतो. महाडचे पाणी पेटून आठ वर्षे झाली होती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याची घोषणा झाली. म्हणजे अस्पृश्य माणूस स्वतःची वाट स्वतः सांगू लागला होता. तो आवाज बखाच्या कानावर पडत नाही. आनंदांची करुणा खरी आहे, पण त्या करुणेत बखाला ठरवण्याचा अधिकार नाही. वरून आलेल्या पोळीसारखाच उपायही वरून येतो.

‘चोमन दुडी’ दोन वर्षे आधीची. दक्षिण कर्नाटकातला चोम हा अस्पृश्य वेठबिगार. आनंदांचा बखा भाकरी मागतो. कारंतांचा चोम भाकरी मागत नाही, तो जमीन मागतो. त्याच्याकडे बैल आहेत, कष्टाची ताकद आहे, पाच लेकरे आहेत. त्याला एक तुकडा कसायला हवा आहे. धनी मनाने वाईट नाही, पण अस्पृश्याने जमीन कसली तर धर्म बुडेल, अशी घरातल्या म्हातारीची समजूत, आणि धनी तिच्यापुढे जात नाही. कारंत स्वतः ब्राह्मण होते. पण अस्पृश्यतेचे मूळ शिवण्यात जितके आहे तितकेच जमिनीच्या मालकीत आहे, हे त्यांना १९३३ साली दिसले. आमच्या कितीतरी लेखकांना ते नंतरही दिसले नाही. म्हणून जन्मावरून कादंबरीचा निकाल लावणाऱ्यांनी ही कादंबरी जरूर वाचावी. ‘सहानुभूती’ आणि ‘स्वानुभूती’ अशा दोन पाट्या लावून साहित्य दोन खोल्यांत बसवता येत नाही.

या कादंबरीतला एक प्रसंग वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून बाहेर गेलो. चोमाचा धाकटा मुलगा नदीत बुडतो आहे. काठावर माणसे आहेत. पाण्यात उडी घेऊन त्याला ओढून काढू शकेल असा एक तरुणही आहे. पण बुडणारा पोर अस्पृश्य आहे, म्हणून त्याला अडवले जाते. पोर बुडतो. कारंत यावर भाष्य करीत नाहीत. करायची गरज नाही.

तरीही माझा प्रश्न इथेही अडतो. कॉफीच्या मळ्याचे कर्ज चोमाच्या मानेवर आहे. ते फेडायला मुलगे जातात आणि मग मुलगी बेळ्ळी जाते. मळ्यावरचा कारकून तिच्या असहायतेचा फायदा घेतो. घरात भाकरी शिजते ती अशी. पण कादंबरीचे दुःख आहे चोमाचे. बेळ्ळीचे जे होते ते बापाच्या मानभंगाचे एक कारण म्हणून होते. शेवटी चोम दार लावून दुडी वाजवत राहतो आणि वाजवता वाजवता मरतो. ही दुडी फार मोठी आहे. पण बेळ्ळीच्या हाती वाजवायला काहीच दिलेले नाही.

मग ‘फकिरा’. अण्णा भाऊंविषयी लिहिताना आमच्या पिढीला संकोच होतो, कारण आम्ही त्यांचे फोटो भिंतीवर लावले आणि पुस्तके कपाटात ठेवली. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या, शाळेत दोन दिवसही न टिकलेल्या या माणसाने आपली कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला १९६१ साली राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. अभिरुचीसंपन्न समीक्षेने मात्र तिला रंजक, भडक, नाट्यमय ठरवून बाजूला ठेवले.

आता माझ्या प्रश्नाने ‘फकिरा’ वाचून पाहा. दुष्काळ पडला आहे. मांगवाडा उपाशी आहे. माणसे मरत आहेत. आणि फकिरा धान्याचे कोठार फोडतो. धान्य वाड्यात येते. या एका कृतीने मराठी कादंबरीतली भाकरी जागची हलली. इथे भाकरी वरून पडत नाही, दयेने येत नाही, मागितली जात नाही. ती घेतली जाते, कारण भुकेल्याचा धान्यावर हक्क आहे असे फकिराला वाटते. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ पासून देशात होता; तो रद्द झाला १९५२ साली. त्या कायद्याने अख्ख्या जातीला जन्मतः चोर ठरवले आणि दिवसातून पुन्हा पुन्हा हजेरी लावायला लावली. अण्णा भाऊंनी त्या शिक्क्याला उत्तर दिले : चोर कोण, कोठार भरून ठेवणारा की फोडणारा? ज्या समीक्षकांना यात भडकपणा दिसला, त्यांना उपाशी पोटाची घाई कधी कळली नसावी.

दोष नाहीत असे नाही. विष्णुपंत कुलकर्णी भला आहे, पाटील भला आहे. गावातले शोषण जणू परक्या सत्तेनेच आणले असे कधी कधी वाटू लागते. काहीही करून जगा, हा सल्लासुद्धा विष्णुपंतांच्या तोंडी येतो. पण सल्ला मिळाला तरी ठरवतो फकिरा. आणि शेवटी तलवार खाली ठेवतो तोही आपल्या माणसांचा छळ थांबावा म्हणून, स्वतः ठरवून. बखाला न मिळालेली गोष्ट फकिराला मिळाली आहे. त्याच्या आयुष्याचा निर्णय त्याचा आहे.

‘फकिरा’तला धान्याचा भाग मी आजीला वाचून दाखवला. तिने मन लावून ऐकले. खूश झाली. मग म्हणाली, “मानूस मोठा. पर मांगाच्या हातचं आपन खात न्हवतो.”

मी गप्प झालो. महारवाड्यावर वरून भाकरी पडत होती आणि महारवाडा मांगवाड्याची भाकरी बाटगी समजत होता. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच : प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, आणि म्हणून कोणीच पुरता उठत नाही. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे, १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या तीन पिढ्या आहेत. तरीही ‘फकिरा’ हे पुस्तक आमच्या घरात पहिल्यांदा आले ते मी एम. ए. करताना, अभ्यासक्रमात होते म्हणून. ते आपणहून का आले नाही, याचे उत्तर मी टाळत आलो होतो. दलित साहित्यावर बाहेरच्यांनी केलेल्या टीकेला उत्तर देणारे लेख आपण पुष्कळ लिहिले. आपल्या दोन वाड्यांमधल्या भाकरीवर किती लिहिले?

‘धग’ ही वऱ्हाडातली कादंबरी. कौतिक, तिचा नवरा महादेव, मुले. घर शिंप्याचे. आपला संसार आपल्या पायावर उभा राहावा ही कौतिकची उमेद. नवरा नाकर्ता, आणि पुढे त्याला महारोग होतो. कौतिक मोलमजुरी करते. नामा या पोराने शिकावे म्हणून जीव टाकते, आणि शेवटी मोडून पडते. संवाद सगळे वऱ्हाडी बोलीत. ज्या काळी बोली म्हणजे विनोदासाठी वापरायची वस्तू होती, त्या काळी शेळक्यांनी तिच्यात एक अख्खी शोकांतिका उभी केली. पाचही कादंबऱ्यांत हीच एक कादंबरी अशी, जिच्यात भाकरीच्या मागे धावणारी बाई मध्यभागी आहे. पीठ किती उरले, उसने कोणाकडून आणायचे, कोणाच्या शेतात निंदणाला उद्या बोलावणे येईल, हे हिशेब कौतिकच्या डोक्यात चाललेले असतात, आणि कादंबरी त्या हिशेबांबरोबर चालते. आजीने या पुस्तकावर बोलताना एकदाही ‘तसं नसतंय’ म्हटले नाही. माझ्या मते एवढी मोठी पावती ‘धग’ला कुठल्या समीक्षकाने दिली नसेल.

पण एक फरक नोंदवला पाहिजे. कौतिकच्या गरिबीला विटाळ नाही. ती मजुरीला जाते तेव्हा विहिरीवर पाणी पिऊ शकते, कोणाच्या ओट्यावर बसू शकते, उसने पीठ हातात घेऊ शकते. तिची भूक आणि आजीची भूक पोटात सारखीच. पण आजीच्या भुकेला आणखी एक गोष्ट चिकटलेली होती. गरिबी आणि अस्पृश्यता एकच, असे मानणाऱ्या आमच्या काही डाव्या मित्रांनी ‘धग’ आणि ‘अनटचेबल’ एकापाठोपाठ एक वाचाव्यात. पोळी हातात देणे आणि पोळी फेकणे यांतला फरक वर्गाच्या भाषेत सांगता येत नाही.

राहिली ‘कोसला’. मी ती पहिल्यांदा वाचली वसतिगृहात, मागासवर्गीय मुलांच्या. तिथली डाळ आम्ही मुलांनी मोजून ठेवलेली असायची : पाण्यात दाणे किती. शिष्यवृत्ती यायची ती वर्ष संपताना. त्या खोलीत बसून पांडुरंग सांगवीकर वाचणे हा विचित्र अनुभव होता. खानदेशातल्या सुखवस्तू शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्याला शिकायला येतो. मेसचा सेक्रेटरी होतो, मेस तोट्यात घालतो, बापाचे पैसे उडवतो, कशातच मन लागत नाही, आणि शेवटी गावी परततो. मराठी कादंबरीची भाषा या पुस्तकाने बदलली यात शंका नाही. धाकट्या बहिणीच्या, मणीच्या, मृत्यूची पाने आजही वाचवत नाहीत. माझ्याही डोळ्यांत तेव्हा पाणी आले होते.

पण पांडुरंगाच्या हाती भाकरी कशी येते? तिच्याविषयी त्याला प्रश्नच पडत नाही. ती गावाकडच्या शेतातून, बापाच्या मनीऑर्डरीतून येते. म्हणून त्याला आयुष्य निरर्थक वाटण्याची सवड आहे. हा आरोप नाही. त्याचे दुःख खरे आहे. पण मेस तोट्यात घालणे हा त्याच्या कादंबरीत एक गमतीचा, थोडा उदास प्रसंग ठरतो. आमच्या वसतिगृहात एखाद्याने मेस तोट्यात घातली असती, तर त्याची कादंबरी झाली नसती. पोलीस केस झाली असती. ‘कोसला’नंतर मराठीत एकाकी, तुटलेला, कशावर विश्वास नसलेला तरुण नायक फार आला. आमच्यातल्याही काही लेखकांनी तो उसना घेतला. त्या उसन्या नायकाला मनीऑर्डर कुठून येते हे मात्र कोणी सांगितले नाही.

आता माझ्या मूळ तर्काकडे येतो. भाकरी कशी हाती येते यावरून लेखक आपल्या माणसाला किती माणूस मानतो ते कळते, असे मी म्हणालो होतो. ते बऱ्याच अंशी खरे निघाले. बखाला ती फेकली जाते. चोम तिच्या मुळाशी, जमिनीशी, जाऊ पाहतो आणि अडवला जातो. फकिरा ती घेतो. कौतिक ती राबून मिळवते. पांडुरंगाला ती मिळालेलीच आहे. पण मी जे धरून बसलो नव्हतो तेही या वाचनात हाती आले. भाकरी मागणारी, राबून आणणारी, चुलीवर थापणारी आणि पोरांत वाटून उरली तर खाणारी बाई या पाचांपैकी चारांत कडेला उभी आहे. सोहिनी घरी पाठवली जाते. बेळ्ळी बापाच्या दुःखाचे कारण होते. ‘फकिरा’त राधेसारखी आई आहे, तरी तलवारीचे जेवढे वर्णन आहे तेवढे चुलीचे नाही. मणी मरते. एकट्या कौतिकला कादंबरी मिळाली, आणि तिला विटाळ ठाऊक नव्हता.

मग मार्गदर्शक पुस्तकातला प्रश्न वेगळा दिसू लागतो. दलित लेखकांनी कादंबऱ्या लिहिल्याच नाहीत हे तर खोटे आहे. अण्णा भाऊंच्या, शंकरराव खरातांच्या कादंबऱ्या कोणी वाचत नाही, त्याला लेखक काय करणार? पण ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४) ही पुस्तके एकामागून एक आली आणि सगळे लक्ष आत्मकथनांकडे गेले, हे खरे. ते का झाले? कारण न बोललेले आधी बोलायला हवे होते. आणि बायांचे बोलणे तर त्यांतही उशिरा आले. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने निघाले १९८६ साली. महारवाड्यातली बाळंतीण, तिची भूक, सासुरवासातली पोर, हे तिथे उघड शब्दांत आले. आत्मकथन हे कादंबरी न जमल्याचे लक्षण नव्हते. आत्मकथन म्हणजे साक्ष होती. साक्ष देणारा माणूस स्वतःविषयी बोलतो. कादंबरीला त्याच्या शेजारच्याविषयीही बोलावे लागते : बहिणीविषयी, सासूविषयी, दुसऱ्या वाड्याविषयी, आणि वरून भाकरी टाकणाऱ्या बाईविषयीसुद्धा. तिलाही कोणीतरी सांगितलेले असते, खाली उतरू नको म्हणून. एवढ्या सगळ्यांना जागा द्यायची तर आधी ते माहीत हवे. आणि ते माहीत असलेली माणसे आमच्याच घरांत, न विचारता, म्हातारी होत आहेत.

इथे माझा स्वतःचा कबुलीजबाब आला पाहिजे. बाबूराव बागूलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. मी जात कधी चोरली नाही. आडनाव स्पष्ट आहे, जयंतीला भाषणे करतो, स्टाफरूममध्ये वाद घालतो. पण सहकाऱ्यांत घरचा विषय निघाला की मी म्हणत असे, “आजी शेतात कामाला जायची.” ते खोटे नव्हते. आजी शेतात जायचीच. पण पाटी घेऊन दारोदार जायची हे मी दहा वर्षांत एकदाही बोललो नाही. मेलेल्या ढोराविषयी बोलता आले, कारण त्यात विद्रोहाची ऐट होती. मागितलेल्या भाकरीविषयी बोलता आले नाही, कारण त्यात फक्त लाज होती. आणि ती लाज तरी कोणाची? टाकणाऱ्याची असायला हवी होती. ती मी, पहिला पदवीधर, शिकून सवरून, आमच्या घरात सांभाळून ठेवली.

आजीला मी विचारले, मागणे सुटले कधी? तिने साल सांगितले नाही. “दुष्काळात,” म्हणाली. म्हणजे १९७२ चा. खडी फोडायच्या कामावर सगळ्या जातीच्या बाया एका ओळीत बसल्या. आठवड्याला पगार मिळाला. सुकडी मिळाली. रेशनला तांबडी मिलो ज्वारी यायची, अमेरिकेची. “मिलो लई वाईट. गिळत न्हवती. पर इकत घेतल्याली हुती.” दुष्काळ सरला तेव्हा सासूने पाटी पुन्हा पुढे केली. आजी म्हणाली, मी जाणार नाही. सासूने दोन दिवस अबोला धरला. मग सासूच गेली, आणि पुढच्या वर्षी तीही थांबली.

एवढेच. कोठार फोडले नाही, तलवार उपसली नाही, सभा झाली नाही. सुनेने सासूला नाही म्हटले. महाडला १९२७ साली दिलेली हाक आमच्या घरात पोचायला पंचेचाळीस वर्षे लागली, आणि ती पोचली तेव्हा हातात स्वतः फोडलेल्या खडीची मजुरी होती. मला वाटते, आमची कादंबरी इथे कुठेतरी आहे. फकिराच्या निर्णयाएवढाच हा निर्णय मोठा आहे. त्याला वाचकांच्या टाळ्या मिळणार नाहीत, कारण तो चुलीपुढे झाला.

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, शाळेत पोषण आहार आहे, आता भाकरी कोण फेकतो? २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित बाईने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. त्या बाईंना कामावरून काढण्यात आले. मग दलित मुलांनी दुसऱ्या, सवर्ण बाईच्या हातचे जेवण नाकारले. पुढे त्या बाईंना परत घ्यावे लागले. भाकरी कोणाच्या हातची, हा प्रश्न संपलेला नाही. फरक एवढाच की आता खालचे पोरही ताट मागे सारू लागले आहे. त्या पोरांची कादंबरी कोण लिहिणार? त्या स्वयंपाकिणीची?

मी कादंबरीकार नाही. साहित्य शिकवणारा माणूस आहे. पण शिकवण्यातही एक निवड असते. जूनमध्ये वर्ग सुरू झाले की त्या विद्यार्थिनीला, ती पुढच्या वर्गात असेल, मी आधी सांगणार आहे की मार्चमध्ये दिलेले उत्तर चुकीचे होते. आणि सगळ्या वर्गाला एक काम देणार आहे. घरी जा. आजीला, आजी नसेल तर आईला विचारा, या घरात भाकरी कशी येत होती. कोण आणत होते, कोणाच्या दारातून, कशाच्या बदल्यात, आणि कोणाच्या हातचे आपण खात नव्हतो. सवर्ण घरातल्या मुलांनीही विचारायचे, आपल्या घरातून भाकरी कशी दिली जात होती : हातात, की वरून. चार पाने लिहून आणायची. शुद्धलेखनाचे गुण नाहीत.

मुले कदाचित लाजतील. म्हणून पहिली चार पाने मी वर्गात वाचून दाखवणार आहे. ती लिहून झाली आहेत.